जिमनीला जुने अलॉय आणि मड टायर घेऊ का? सांगली-साताऱ्यातल्या जाणकारांनी सांगा

द्राक्षबाग_झेटा

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिमनी, झेटा (खालचं व्हेरियंट) मॅन्युअल, २०२३ ची. मी तासगाव तालुक्यातला, बाग गावापासून बरीच आत आहे आणि शेवटचा पट्टा सगळा काळ्या रानातनं जातो, पावसाळ्यात तिथं ट्रॅक्टर सोडून दुसरं काही जात नाही. बाकी रोजचं तासगाव-सांगली डांबरी, आणि सुट्टीला आमची मित्रांची टोळी चाळकेवाडी, पाटण, बामणोली अशी फिरते. कंपनीचे टायर १९५/८० आर १५ हायवेचे आहेत, डांबरावर एक नंबर पण ओलं गवत दिसलं तरी जागेवर फिरायला लागतात.

आता पुण्यात एकाकडं ऑनलाइन सेट सापडलाय. काळे अलॉय १५ बाय ७, त्यावर २३५/७५ आर १५ मड टेरेन (चिखलाचे, मोठ्या नक्षीचे), स्टेपनी धरून पाच नग. "८० टक्के बटण (टायरची नक्षी) शिल्लक" म्हणतो. ५५ हजार सांगतोय, माझा अंदाज ४५ ला देईल. कुठल्या गाडीचे आहेत विचारलं तर म्हणाला थार, जिप्सी, जिमनी सगळ्याला बसतंय. फोटो एकदम भारी आहेत, टायर काळेभोर चमकतायत.

बसतील का, बघायला गेलो तर काय काय बघायचं, आणि ४५ देण्यासारखे आहेत का एवढं सांगा. घरचे म्हणतायत नवीन गाडीचे चांगले टायर काढून जुने कशाला घालतोस, त्याला पण काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

---

पाटण_फोरबायफोर

"सगळ्याला बसतंय" म्हणणाऱ्या माणसाला आधी सांग की रिमच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, पुढच्या बाजूचे नकोत. टायर नंतर बघू, टायर बदलता येतो, रिम चुकीचं घेतलं तर सगळंच गेलं.

जिमनीचं पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, ५×१३९.७ (पाच भोकं, १३९.७ मिलिमीटर). जिप्सीचं पण तेच, त्यामुळं जिप्सीचं म्हणतोय ते निदान शक्य तरी आहे. मोजायचं सोपंय, पाच भोकांच्या रिमला समोरासमोर भोक नसतं म्हणून लोक गोंधळतात, शेजारशेजारच्या दोन भोकांचं सेंटर ते सेंटर अंतर घे, साधारण ८२ मिलिमीटर आलं पाहिजे. ७०-७५ च्या दरम्यान आलं तर ते रिम दुसऱ्याच गाडीचं आहे, विषय संपला.

पण पीसीडी जुळलं म्हणजे झालं असं नाही, इथंच बरेच जण फसतात. मधलं मोठं भोक, सेंटर बोर, बघ. जिमनीचा हब, म्हणजे रिम ज्यावर बसतं तो मधला भाग, १०८ मिलिमीटरचा आहे. ५×१३९.७ मध्ये दुसऱ्या गाड्यांसाठी बनवलेले पण अलॉय येतात ज्यांचं मधलं भोक बारीक असतं, ते हबवर जाणारच नाही, आणि मग कोणीतरी लेथवाला म्हणतो आणा मी बोअर मारून देतो. असलं काही करू नकोस. व्हर्नियर घेऊन जा, नसला तर स्टीलची पट्टी.

तिसरं ऑफसेट, म्हणजे रिम हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर आत-बाहेर आहे ते, रिमवर ईटी म्हणून लिहितात. कंपनीचं रिम साडेपाच इंची, ईटी अधिक ५. तुझा हा सेट ७ इंची आहे, ईटी रिमच्या मागं आऱ्यांवर कोरलेलं असतं. समजा उणे २० निघालं, ऑफरोडवाल्या सेटला बऱ्याचदा असंच असतं, तर रिमची बाहेरची कड आत्तापेक्षा साधारण ४४ मिलिमीटर बाहेर येते. त्यावर टायर पण रुंद. दिसायला गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते हे खरं, पण चाकाचा सगळा चिखल दारावर आणि आरशावर, स्टेअरिंग जड, खड्ड्यात झटका हाताला, आणि व्हील बेअरिंगवर कायमचा जादा भार. जिमनीला पुढं पण सॉलिड ॲक्सल आहे, चाक बाहेर गेलं आणि बॅलन्सिंग थोडं जरी चुकलं की ६०-७० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरायला लागतं.

आणि २३५/७५ लिफ्ट न करता (सस्पेन्शन उंच न करता) बसवणार असशील तर पूर्ण लॉक मारल्यावर बंपरच्या कोपऱ्याला घासणार, बाहेर आलेल्या रिमवर तर जास्तच.

---

मडगडी

आरं घे की लगा 😀 काय ते मिलिमीटर मोजत बसलाय. काळ्या रानात जायाचंय म्हणतोय पोरगं, तिथं हायवे टायर काय आन एटी (ऑल टेरेन, दोन्हीच्या मधला) काय, दोन्ही सारखंच. काळी माती टायरात एकदा भरली की बटण न्हाय का फिटण न्हाय, टायर पार गोटा. मडचं बटण लांब लांब असतं म्हणून जरा रेस दिली की माती फेकून देतं आन परत धरतं. माझ्या जिप्सीला मडच हायत, उसाच्या फडाकडच्या वाटनं जातो, ट्रॅक्टरवाला पण बघत ऱ्हातो.

४५ जास्त वाटत असंल तर ४० ला माग. पर सोडू नको, पाच नगाचा सेट सारखा मिळत न्हाय.

---

पाटण_फोरबायफोर

@मडगडी तुमच्या जिप्सीला रोज तासगाव-सांगली पळायचं नाही ना. मडचा आवाज डांबरावर ८० ला ऐकलाय का कधी, गाण्याचा आवाज वाढवावा लागतो. ओल्या डांबरावर ब्रेक पण लांब लागतो. काळ्या मातीचं म्हणणं मान्य, तिथं एटी पण भरतो. पण ती माती ओली असते वर्षाचे किती महिने, आणि रस्ता डांबरी किती महिने?

---

मिरज_बॅलन्सिंग

माझं टायर, बॅलन्सिंगचंच काम आहे, रोज असे जुने सेट दुकानात येतात म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, काळेभोर चमकणारे टायर म्हणजे पॉलिश. ते टायर चांगला असल्याचं लक्षण नाही, चिरा झाकायचा मार्ग आहे. ओलं फडकं घेऊन जा, साइडवॉल पुसा आणि मग अंगठ्यानं दाबून बघा. रबर म्हातारं झालं की आधी बटणांच्या मधल्या खाचेत, अगदी तळाला, केसासारख्या चिरा येतात, वरून दिसत नाहीत. दोन बटणं बोटांनी फाकवून आत बॅटरी मारायची.

दुसरं, तारीख. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला नुसतं डीओटी असतं, त्यामुळं विकणारा म्हणाला आकडे नाहीतच तर चाक उलटं करायला लावा. दोन्हीकडं नसतील किंवा तिथं रबर घासल्यासारखं दिसलं तर तो टायर मोजायचाच नाही. पाचही टायरचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या, एकाचं बघून पाचांचं धरू नका. टायर कंपन्या साधारण असं सांगतात की ५ वर्षांनंतर दर वर्षी नीट तपासून घ्या आणि १० वर्षांपुढं बटण कितीही असलं तरी वापरू नका. मडचे टायर हौसेनं कमी चालवलेले असतात त्यामुळं बटण भरपूर आणि रबर लाकूड, असं फार बघायला मिळतं. ८० टक्के म्हणजे काय ते मिलिमीटरमध्ये विचारा. कायद्यानं कमीत कमी १.६ मिलिमीटर लागतं पण चिखलात निम्मं बटण गेलं की मडचा उपयोग पण निम्मा गेला म्हणा.

तिसरं, आतून बघा. विकणाऱ्याला राग येतो पण निदान दोन टायर रिमवरून उतरवून आतून हात फिरवल्याशिवाय मी तरी पैसे देणार नाही. पंक्चर मधल्या पट्ट्यात असेल आणि नीट काढलेलं असेल तर काही बिघडत नाही. खांद्याला किंवा साइडवॉलला ठिगळ, आत गेटर (जुन्या टायरचा तुकडा) चिकटवलेला, किंवा आतल्या बाजूला रबराचा काळा भुगा साचलेला, यातलं एक जरी दिसलं तरी तो टायर बाद. भुगा म्हणजे हवा नसताना टायर पळवलाय, आतली कापडाची घडण मोडलेली असते, बाहेरून पत्ता लागत नाही आणि हायवेला फुटतो. तुम्ही पाटण-बामणोलीकडं जाता म्हणजे जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे धारदार तुकडे, तिथं साइडवॉल आधी कापते, म्हणून छोटा फुगा दिसला तरी सोडून द्या. साइडवॉलवर आयएसआय मार्क आणि आयएस १५६३३ आहे का ते पण बघा. बाहेरून रबर चढवलेले रिमोल्ड मडच्या नक्षीत सर्रास मिळतात, बटण आणि साइडवॉल जिथं मिळतात तिथं सांध्याची रेघ दिसते.

आता रिम. अलॉय दिसायला नवं असेल आणि ताजं पावडर कोटिंग असेल तर मी जास्त बारकाईनं बघतो. आतली कड, जी गाडीला लावल्यावर दिसत नाही, तिथंच मार बसतो. तिथं वेल्डिंग करून घासून रंग मारलेला असतो. बोट फिरवलं की जाडी कमीजास्त लागते. वेल्डिंग केलेलं अलॉय हवा धरतं, काही महिने चालतं पण, तरी गरम झालेल्या भागाची ताकद गेलेली असते, मी ते डांबरावर सुद्धा घालणार नाही. नटांच्या भोकांभोवती आणि आऱ्यांच्या मुळाशी चिरा बघा. आणि पुण्यातच जवळच्या बॅलन्सिंगवाल्याकडं पाची चाकं मशीनवर फिरवून बघा, विकणारा सोबत असू द्या. मशीनवर रिम डोलताना उघड्या डोळ्यांना दिसतं. आत चिकटवलेल्या वजनांची रांगच रांग असेल तर कोणीतरी आधीच झगडून हरलेलं आहे.

नट विसरू नका. जिमनीचे स्टड (नट ज्यावर बसतात ते बोल्ट) १२ बाय १.२५ चे, म्हणजे १२ मिलिमीटर जाड आणि आट्यांमधलं अंतर १.२५. सेटसोबत पिशवीत १२ बाय १.५ चे नट आले तर पहिले एक-दोन आटे हातानं जातात, मग जाम होतं, आणि पोरगं वर इम्पॅक्ट गन मारतं. स्टड कामातून गेला. नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे, मगच पाना.

किंमत कशी काढायची, तर ५ वर्षांपुढचे टायर शून्य धरायचे आणि फक्त रिमचे पैसे किती देईन ते ठरवायचं. मग ४५ कुठं येतात बघा.

---

एमएच११_कायद्याचं_बोला

वरचं सगळं बरोबर, पण एक बाजू कोणी लिहिली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशीलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये पण तेच धरलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकानं असा बदल केला तर बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आता रस्त्यावर कोण टायरचा साइज वाचत बसतंय म्हणाल, तर मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक वाचावं लागत नाही, लांबनं दिसतं. त्यापेक्षा इन्शुरन्स क्लेमच्या वेळी सर्व्हेअरनं फोटो काढला की तिथं वांदे.

साइजचा हिशोब पण करून बघा. १९५/८० चा व्यास ६९३ मिलिमीटर, २३५/७५ चा साधारण ७३३. म्हणजे जवळपास ६ टक्के उंच. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ च्या आसपास असेल. त्यात चाक जड. जिमनीचं इंजिन १०५ पीएसचं, ठोसेघरच्या चढाला आत्ता तिसऱ्यात जाता ते दुसऱ्यात जाल.

आणि हो, बामणोलीकडं जाता तेव्हा कासच्या पठारावर चाक घालू नका एवढी विनंती, टायर कुठलेही असोत. मड टायरचा एक चर पडला की तिथं पुढच्या हंगामात फूल नाही. दर वर्षी कोणीतरी हिरोगिरी करतं आणि मग सगळ्याच फोर बाय फोरवाल्यांना नाक्यावर अडवतात.

---

पाटण_फोरबायफोर

मला एक कळत नाही, तुझी झेटा आहे म्हणजे लोखंडी डिस्क (रिम) आहेत ना? मग रिम बदलायचंच कशाला? दगडावर आपटली तर लोखंडी डिस्क वाकते, हातोड्यानं ठोकून घरी येता येतं. अलॉय तडकलं तर गाडी तिथंच. लोक वरच्या अल्फा व्हेरियंटचे अलॉय काढून झेटाच्या डिस्क शोधतायत आणि तू उलटं चाललायस.

तुझ्या साडेपाच इंची डिस्कवर २१५/७५ आर १५ सरळ बसतो. व्यास ७०३-७०४, म्हणजे दीड टक्का फरक, मीटरला कळणार पण नाही, लिफ्ट नको, घासत नाही. २३५ ला मात्र कमीत कमी ६ इंची रिम लागतं, म्हणजे तो साइज घेतला की रिमचा खर्च आपोआप गळ्यात येतो. आणि २१५/७५ आर १५ म्हणजे बोलेरोचा साइज. विट्यात घे, जतमध्ये घे, पाटणच्या बाजारपेठेत घे, कुठल्याही दुकानात टांगलेला असतो. टायर फाटला तर पुण्याला फोन लावत बसायचं नाही.

---

द्राक्षबाग_झेटा

सगळ्यांचे आभार. काल त्याच्याकडनं फोटो मागवले, कुरकुर करत पाठवले. पीसीडी जुळतंय, मधलं भोक ११० म्हणतोय, आणि मागं १५×७ जे, ईटी उणे २० कोरलंय, पाटणवाल्या दादांनी अंदाज बरोब्बर मारला. टायरचे आकडे: चार टायर २४१९ आणि पाचवा, जो स्टेपनीला आहे तो, दुसऱ्याच कंपनीचा, १११६. त्याचं विचारलं तर म्हणाला स्टेपनी काय रोज लावायची असते का. आता स्वतःच ३८ वर आलाय.

रिमच्या आतल्या कडेचा फोटो मात्र तीनदा मागून पण देत नाही, म्हणतो येऊन बघा. आणि आधी ५ हजार टोकन ऑनलाइन टाका म्हणतो.

---

मिरज_बॅलन्सिंग

टोकन अजिबात टाकू नका. बघायच्या आधी पैसे मागणाऱ्याला नमस्कार.

स्टेपनीचं म्हणाल तर दोन वेगळ्या कंपन्यांचे एकाच साइजचे टायर पण प्रत्यक्षात मोजले तर सारखे उंच नसतात, झिजलेले असतील तर आणखी फरक. जिमनीला मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, फोर एच ला, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या वरच्या गियरला, पुढचं-मागचं एकत्र बांधलं जातं. उंची वेगळी असलेली स्टेपनी लावून कोरड्या रस्त्यावर फोर एच मध्ये गाडी ओढली की ट्रान्सफर केसला (पुढं-मागं जोर वाटणाऱ्या गियरबॉक्सला) ताण येतो, गियर सुटता सुटत नाही. चिखलात चाक घसरून ताण निघून जातो, डांबरावर नाही. म्हणून स्टेपनी पण त्याच सेटमधली पाहिजे, नाहीतर चार टायरचेच पैसे द्यायचे. त्या हिशोबानं ३८ पण जास्तच आहेत.

---

मडगडी

ए भावा, तू घेणार नसशील तर त्येचा नंबर मला दे. ५×१३९.७ आन ११० चं भोक म्हंजे माझ्या जिप्सीला पण जातंय. टायर मी फेकून देतो, रिमचं तेवढं १५ म्हणून बघतो. रविवारी जाऊन आतली कड स्वताच्या हातानं बघून येतो, वेल्डिंग दिसलं तर तिथंच ठिऊन येतो.

---

द्राक्षबाग_झेटा

@मडगडी काका, नंबर मेसेज केलाय, घासाघीस तुम्हीच करा 😀

माझं ठरलं. डिस्क त्याच ठेवतो, २१५/७५ आर १५ एटी पाच नवीन घेतो, सांगलीतच चौकशी केली, दोन-तीन कंपन्यांचे लगेच मिळतायत. घरच्यांना पण सांगितलं नवीनच घेतोय, तर म्हणाले मग आधीच्या नवीन टायरचं काय. आता तेवढं सांगा, दुकानदार १९५ चे पाच एक्सचेंजला फार म्हणजे फारच कमी धरतोय. आणि बागेकडच्या काळ्या रानात एटीवर किती हवा ठेवू?

---

मिरज_बॅलन्सिंग

दुकानात देऊ नका. २०२३ चे टायर आहेत, आकड्यांचे आणि बटणाचे फोटो टाकून स्वतः जाहिरात द्या, चांगले जुने शोधणारे बरेच असतात. ज्यांना नुसतं डांबरावर फिरायचंय अशा जिमनीवाल्याला हेच टायर पाहिजे असतात.

नवीन टायर घेताना पण पाचांचे आकडे बघूनच घ्या, दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला माल नवीनच्या भावानं देतात. बसवल्यावर १०० किलोमीटरच्या आत नट एकदा परत तपासा, नवीन टायर बसवताना डिस्क काढलेली असते, बसायला वेळ घेते.

हवा डांबरावर दाराच्या स्टिकरवर आहे तेवढी. काळ्या रानात शिरायच्या आधी १८ पीएसआयपर्यंत उतरवा, १५ च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून उतरतो. सोबत छोटा कॉम्प्रेसर ठेवा, कारण डांबराला आल्यावर तसंच सांगलीला जायचं नाही. टू एच मध्ये (फक्त मागच्या चाकांवर) अर्ध्यात अडकून मग फोर लावू नका, आत शिरतानाच फोर एल (चारही चाकं, हळू पण जादा ताकद) दुसरा गियर टाका आणि मध्ये न थांबता एका लयीत काढा. आणि मोठा पाऊस होऊन गेलेला असेल, ट्रॅक्टरचं मागचं चाक पण जागेवरच फिरत असेल, तर गाडी डांबराच्या कडेला लावून चालत जा, त्या दिवशी मड पण चालत नाही, मडगडी काहीही म्हणोत.

---

मडगडी

त्या दिवशी मी पण ट्रॅक्टरवरच जातो 😀